रात्री साडेबाराचा फोन

आखेन, जर्मनी
महाशिवरात्र, १५ फेब्रुवारी २०२६

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
मनूचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

गेल्या रविवारी ‘मार्चमध्ये येणे जमत नाही’ असे मी फोनवर सांगितले, तेव्हा आई, तू नुसते ‘बरं’ म्हणालीस आणि फोन बाबांच्या हाती दिलास. बाबांनी इथल्या थंडीची चौकशी केली, मी तिथल्या उन्हाची केली आणि फोन संपला. तू रागावलीस की स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज होतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. ‘बरं’ म्हणतेस ते मनाला लागल्यावर. ते ‘बरं’ आठवडाभर माझ्याबरोबर आहे. फोनवर मी घाईने बोलते आणि अर्धे राहून जाते, म्हणून हे पत्र लिहिते आहे. बाबांना पत्र आवडते, ते ट्रंकेत जपूनही ठेवता येते.

आधी ठरलेली गोष्ट सांगते, म्हणजे पुढचे वाचताना मनात धाकधूक राहणार नाही. बाबांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ६ मार्चला आहे आणि माझ्या परीक्षा ३ आणि १२ मार्चला आहेत. यातली दुसरी परीक्षा चुकली तर ती पुन्हा थेट उन्हाळ्यात देता येते, आणि ती झाल्याशिवाय प्रबंधाची नोंदणी होत नाही. म्हणजे सहा महिने वाढतील, सहा महिन्यांचे भाडे वाढेल आणि तारण ठेवलेल्या घराचे कागद आणखी सहा महिने बँकेत राहतील. म्हणून मी प्रबंध पूर्ण करून एकदमच येणार आहे. या वर्षी लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. त्याच्या आधी मी अंगणात उभी असेन.

हे सारे खरे आहे, पण एवढेच सांगितले तर अर्धे सत्य होईल. एप्रिलमध्ये ईस्टरच्या चार दिवसांच्या सुट्टीत मी इटलीला जाते आहे. तिकीट डिसेंबरातच काढले होते. हे रविवारी सांगायचे ठरवून फोन केला होता, पण ‘बरं’ ऐकल्यावर धीर झाला नाही. शस्त्रक्रियेला यायला वेळ नाही आणि महिन्याभराने फिरायला वेळ आहे, असे कोणालाही वाटेल. आत्याला तर माझे फोटो पाहून ते आधीच वाटले आहे. ‘शिकायला गेली आहे की फिरायला’ असे ती म्हणाली, हे दादाकडून कळले. आत्यावर तुम्ही रागावू नका. तिने मला बाराखडी शिकवली, तिला विचारण्याचा हक्क आहे. पण उत्तर द्यायचे काम तुमचे नाही, माझे आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बाबा, कर्जाच्या पैशांतला एक युरोही मी फिरण्यावर घातलेला नाही. पहिल्या वर्षासाठी बँकेत अडकवून ठेवलेले ११,९०४ युरो महिन्याला ९९२ प्रमाणे मिळत होते. त्यातून भाडे, आरोग्यविमा आणि किराणा भागवला, उरले ते पुढच्या सत्रासाठी ठेवले. फिरण्याचा खर्च संस्थेतल्या साहाय्यकाच्या कामातून निघतो. आठवड्याला दहा तासांचे काम आहे. जानेवारीपासून इथले किमान वेतनच तासाला १३.९० युरो झाले आहे. शिवाय विद्यापीठाच्या शुल्कातच प्रवासाचा पास येतो, त्यावर जर्मनीभरच्या साध्या गाड्यांत आणि शहरांतल्या बसमध्ये बसता येते. बाहेरच्या माणसाला तोच पास महिना ६३ युरोंना पडतो. फक्त वेगवान गाड्या त्यात येत नाहीत, त्यामुळे मी दोन-तीनदा गाड्या बदलत, खिडकीशी बसून, टिपणे वाचत जाते. तुम्ही शिकवल्याप्रमाणे खर्चाची वही ठेवली आहे. ती दिवाळीत तुमच्यापुढे ठेवीन.

आखेनची जागाही अशी आहे की शनिवारी सकाळी निघून दुसऱ्या देशात जेवून रात्री परत येता येते. मी आल्यावर पहिल्याच महिन्यात जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्स या तिन्हींच्या सीमा मिळतात त्या टेकडीवर गेले होते. नेदरलँड्सच्या मुख्य भूमीतले ते सर्वांत उंच ठिकाण आहे आणि त्याची उंची ३२२ मीटर आहे. आपले सातारा शहरच त्याच्या दुपटीहून उंचावर वसलेले आहे. तिथल्या सीमादगडाला एक प्रदक्षिणा घातली की तीन देश होतात. बाबा, तुमचे अर्धे आयुष्य सीमेवर गेले. त्या दगडाशी एकही शिपाई नव्हता, लहान मुले उड्या मारत होती, आणि मला तुमचीच आठवण येत राहिली.

आई, तुला आवडले असते ते बेल्जियममधले लिएज. म्यूज नदीच्या काठाने तिथे दर रविवारी बाजार भरतो, आणि तो इतका लांब असतो की एका टोकाला घेतलेल्या कोथिंबिरीचे ओझे दुसऱ्या टोकाला जाणवू लागते. भाजीवाले दुपारी भाव उतरवतात, तू जशी मंडईत उशिरा जातेस तशी मी तिथे उशिरा जाते. कलोनच्या चर्चचा मनोराही मी चढले. ५३३ पायऱ्या आहेत. १२४८ साली सुरू झालेले ते काम १८८० साली पूर्ण झाले. वर पोहोचल्यावर, दर वर्षी जेजुरीच्या पायऱ्यांवर तू माझा हात धरून ‘मोजू नकोस, चढ’ म्हणायचीस ते आठवले. मी मोजल्या नाहीत, आकडा खाली पाटीवर होता.

मुक्कामाची काळजी तुला असते, म्हणून सांगते. मी युवा वसतिगृहात, मुलींच्या खोलीत राहते. सामानाला कुलूपबंद कपाट असते आणि पलंगाला स्वतंत्र दिवा असतो. ही पद्धत सुरूच जर्मनीतल्या आमच्या या राज्यात झाली: एका शाळामास्तरांनी मुलांच्या सहलींसाठी १९१२ साली आल्टेना गावच्या किल्ल्यात जगातले पहिले कायम वसतिगृह उघडले. मी एकटी कधीच मुक्कामाला जात नाही, बरोबर लातूरची आणि केरळची अशा दोघी असतात. पासपोर्ट आणि राहण्याच्या परवान्याचे कार्ड कमरेच्या पिशवीत असते, कारण सीमेवर पोलीस कधी कधी बस थांबवून कागद पाहतात. बरोबर दशम्या आणि तू पाठवलेली शेंगदाण्याची चटणी असते. डिसेंबरात आलेली बरणी निम्म्यावर आली आहे, आणि मी ती आता फक्त प्रवासातच उघडते.

आता जे लिहायला जड जाते ते लिहिते.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मी बेल्जियममधल्या ईप्र या गावी गेले होते आणि ते तुम्हाला सांगितले नव्हते. पहिल्या महायुद्धात त्या गावाभोवती चार वर्षे लढाई झाली. १९१४च्या ऑक्टोबरात आपले सैनिकही तिथे उतरवले होते, त्या थंडीत आणि त्या चिखलात. ज्यांचे देह सापडले नाहीत अशा ५४ हजारांहून अधिक सैनिकांची नावे मेनिन गेट नावाच्या कमानीवर कोरली आहेत आणि त्यांत भारतीय पलटणींचीही आहेत. १९२८ पासून तिथे रोज रात्री आठ वाजता रहदारी थांबवून ‘लास्ट पोस्ट’ ही बिगुलाची धून वाजवतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यात गाव असताना तेवढा खंड पडला. बाबा, बेळगावच्या क्वार्टरमध्ये तुम्ही बिगुल ऐकताच हातातले काम ठेवून उभे राहायचात आणि दादाला व मलाही उभे करायचात. तिथे पहिला सूर निघाला आणि माझे पाय आपोआप जुळले. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता माझा हात धरला.

बाहेर आल्यावर फोन पाहिला, तर आठला दोन मिनिटे असताना आईचा फोन येऊन गेला होता. म्हणजे तिकडे रात्रीचे साडेबारा. मी लगेच उलट फोन केला, आणि आई, तू म्हणालीस, ‘चुकून लागला गं, झोप.’ ‘मी खोलीवरच आहे,’ असे मीही म्हणाले. त्या वेळी बाबा चक्कर येऊन दवाखान्यात होते, सलाइन लागले होते आणि तू बाकावर एकटी बसली होतीस, हे दादाने जानेवारीत सांगितले. तेव्हापासून एकही दिवस असा गेला नाही की तो बाक मला आठवला नाही. मी अभ्यास टाकून फिरते असे तुम्हाला वाटू नये म्हणून मी लपवले, आणि माझा अभ्यास बिघडू नये म्हणून तुम्ही लपवले. मला हे असे नको आहे. मी यापुढे प्रत्येक सहल जाण्याआधी सांगेन, गाडीच्या वेळेसह. तुम्ही प्रत्येक चक्कर, प्रत्येक रक्तदाबाचा आकडा मला त्याच दिवशी सांगायचा. मी इथून औषध पाजू शकत नाही हे खरे आहे, पण फोनवर तुझ्याशेजारी बाकावर बसू शकते.

इटलीचे कारण बाबांना कळलेच असेल. रायगडावरून परतताना माणगावला तुम्ही नाईक यशवंत घाडगे यांच्या स्मारकापुढे गाडी थांबवली होती, मी तेव्हा चौथीत होते. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात काय घडले ते तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहून आम्हाला सांगितले: तुकडीतले सगळे पडल्यावर बावीस वर्षांचा मुलगा एकटा मशिनगनच्या ठाण्यावर कसा धावून गेला, गोळ्या भरायला वेळ नव्हता तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने कसा लढला. त्यांचा देह मिळाला नाही, म्हणून त्यांचे नाव कॅसिनो गावच्या युद्ध-दफनभूमीतल्या स्मारकावर आहे. ‘आपल्या रेजिमेंटचे पुष्कळ लोक तिकडेच राहिले, कोणी जाऊन बघत नाही,’ असे तुम्ही म्हणाला होतात. रोमहून कॅसिनोला साध्या गाडीने सुमारे दोन तास लागतात. ३ एप्रिलला मी रोममध्ये उतरेन आणि ४ तारखेला तिथे जाईन.

हे मी केवळ तुमच्यासाठी करते असे म्हणणार नाही, कारण ते खोटे होईल. लिएज, ॲमस्टरडॅम, प्राग इथे मी माझ्या आनंदासाठी गेले. मला नवी गावे पायी पाहायला आवडतात, परत आल्यावर अभ्यासही चांगला होतो. मनात सलते ते एवढेच की आईने लग्नानंतर बाबांच्या बदल्यांमागे सामान बांधले, पण स्वतःच्या हौसेसाठी एकदाही गाडीत पाऊल टाकले नाही, आणि मी वर्षभरात सात गावांना जाऊन आले. यावर उत्तर मला सापडलेले नाही. चौघांनी मिळून कुठे जायचे ते दिवाळीत आई ठरवील, एवढे मी माझ्यापुरते ठरवले आहे.

आता काही गोष्टी नीट ऐका. दादा ५ तारखेला पुण्याहून येतो आहे, ‘कशाला सुट्टी घालवतोस’ असे त्याला सांगू नका. बाबा, शस्त्रक्रियेआधी साखर आणि रक्तदाब तपासून आकडे मला पाठवा. नंतर डोळ्यात थेंब डॉक्टरांनी दिलेल्या वेळेलाच घालायचे. वेळांचा मोठ्या अक्षरांतला तक्ता मी दादाला पाठवला आहे, तो फ्रिजवर लावा. डोळा चोळायचा नाही, त्यात पाणी जाऊ द्यायचे नाही, पाण्याची बादली उचलायची नाही, आणि डॉक्टर सांगेपर्यंत स्कूटरला हात लावायचा नाही. काळा चष्मा लाजून खिशात ठेवू नका. आई, आज उपवास असला तरी थायरॉइडची गोळी घेतली असशीलच. घेतली नसशील तर ती उपवासाला चालते, हे मी आणखी शंभर वेळा सांगेन. गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला घेतलेला नाही. बाबांची सेवा करताना स्वतः उभ्याने जेवू नकोस.

माझी प्रकृती उत्तम आहे. खोली उबदार आहे, पायमोजे पुरेसे आहेत, आज वरीचे तांदूळ मिळाले नाहीत म्हणून बटाट्याची भाजी आणि दही खाल्ले. बाहेर कार्निव्हलची गडबड आहे, उद्या मिरवणूक निघेल, पण मी वाचनालयात असेन.

बाबा, अशा दफनभूमींत भेट देणाऱ्यांसाठी एक नोंदवही ठेवलेली असते. डोळा बरा झाला आणि डॉक्टरांनी लिहायची परवानगी दिली की त्या वहीसाठी दोन ओळी तुमच्या अक्षरात लिहा आणि दादाला फोटो पाठवायला सांगा. मी त्या तशाच उतरवीन, खाली पलटणीचे नाव आणि सातारा घालीन. घाई करू नका, नाहीच जमले तर फोनवर सांगा.

आणि आई, रात्री साडेबाराला पुन्हा कधी फोन करावासा वाटला, तर तो चुकून लागला असे म्हणू नकोस. मी कुठेही असले तरी उचलीन.

तुमची,
मनू