मुद्दल राहू दे, व्याजावर भिंग चालू दे

सप्रेम नमस्कार.

खानापूर तालुक्यातल्या आपल्या गावच्या मराठी हायस्कुलात एकच सूक्ष्मदर्शक आहे. गेल्या दोन पावसाळ्यांत त्याच्या भिंगावर बुरशी धरली, आरसा काळवंडला. (आपल्याकडचा पाऊस कपाटाला कुलूप घातलं म्हणून थोडाच थांबतो!) आता सर कांद्याचा पातळ पापुद्रा काचपट्टीवर घेतात, आयोडीनचा थेंब टाकतात आणि पेशी मात्र फळ्यावर खडूने काढून दाखवतात.

नव्यासाठी वर्गणी काढली तर आठवड्यात जमेल. पण हाही वर्गणीतूनच आला होता. पुढे दुरुस्तीला, काचपट्ट्यांना पैसे कुठून आणायचे, याचा विचार कुणी केला नाही. त्यात आम्हीही आलो. म्हणून या वेळी वाचनालय मंडळ २ लाखांची कायम ठेव करणार आहे. मुद्दलाला हात लावायचा नाही, जो काय खर्च तो व्याजातून.

विद्यापीठांतली अध्यासनं, म्हणजे देणगीदाराच्या नावाने चालणारी प्राध्यापकपदं, अशाच देणग्यांवर उभी राहतात. कलकत्त्याचे वकील तारकनाथ पालित यांच्या देणगीतून भौतिकशास्त्राचं अध्यासन झालं आणि १९१७ मध्ये सरकारी अर्थखात्यातली नोकरी सोडून सी. व्ही. रामन त्यावर आले. पेशींचंच उदाहरण हवं तर सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचं घ्या. तिथल्या मॉरिस हर्झस्टाइन अध्यासनाच्या प्राध्यापक होत्या एलिझाबेथ ब्लॅकबर्न. गुणसूत्रांच्या, म्हणजे पेशीतल्या आनुवंशिक गुण वाहणाऱ्या धाग्यांच्या, टोकांचं रक्षण कसं होतं, हे शोधल्याबद्दल त्यांना दोन सहकाऱ्यांसह २००९ चं नोबेल मिळालं. आणि हे त्यांना सापडलं कशात, तर टेट्राहायमेना या गोड्या पाण्यातल्या एकपेशीय जिवात! असले एकपेशीय जीव आपल्या तळ्याच्या थेंबातही वळवळत असतात. आपल्या पोरांनी ते अजून पाहिलेले नाहीत, एवढंच.

शेजारच्या कन्नड शाळेतल्या मुलांनाही शनिवारी बोलावणार आहोत. ती ‘जीवकोश’ म्हणतील, आपली ‘पेशी’.

ठेवीला देणगीदाराचं नाव द्यावं का, यावर बैठकीत तासभर वाद झाला. शेवटी गावाचंच नाव ठेवायचं ठरलं. शंभर रुपयेही चालतील. पुण्या-गोव्यात नोकरीला असलेल्यांनी गणपतीला गावी याल तेव्हा दिले तरी हरकत नाही. देणगी संध्याकाळी वाचनालयात आणून द्यावी आणि पावती मागून घ्यावी. ठेवीची पावती आणि पासबुक तिथल्याच टेबलावर कुणालाही पाहता येईल.

आपले,
वाचनालय मंडळाचे कार्यकर्ते