डॉक्टर मॅडम, त्या घड्याळाबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या सोनोग्राफी सेंटरच्या बाकावर गरोदर बायकांच्या मधोमध, एका कुशीवर कलून बसलेला एकटा पुरुष आठवतो? तो मी. समोरची ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी मी त्या तासाभरात वीसेकदा वाचली असेल.

मी एसटी चालवतो. बसणं हाच धंदा, आणि दुखणं नेमकं तिथेच. डेपोत मूळव्याध म्हणून सांगितलं होतं. खरं दुखणं भगंदर, म्हणजे गुदद्वाराच्या आतून बाहेरच्या कातडीपर्यंत पडलेली पूची वाट; पण ते नाव घेतलं की लोक चार प्रश्न जास्त विचारतात. एक ऑपरेशन दुसरीकडे झालेलं, तरी वर्षभरात पू पुन्हा सुरू. एमआरआयच्या बोगद्यातून मी दोन मिनिटांत ओरडत बाहेर आलो, तेव्हा सर्जनसाहेबांनी तुमच्याकडे धाडलं.

तुम्ही भगंदराच्या बाहेरच्या तोंडातून बारीक नळी घातली आणि सलाइनमध्ये कालवलेलं औषध हळूहळू सोडलं. “यात वायूचे बुडबुडे आहेत, रक्तातल्या तांबड्या पेशीपेक्षाही लहान. ते जिथे जातील तिथे चमकेल,” म्हणालात, आणि स्क्रीन माझ्याकडे वळवलात. लाजेनं मान खाली घालून पडलेल्या माणसाला कोणी स्क्रीन दाखवतं का? काळोखात पांढरी रेघ सरकली, आत उघडली. मग डावीकडे एक फाटा उजळला. “हा मागच्या वेळी राहिला असणार,” एवढंच बोललात. आधीच्या डॉक्टरांना नावं ठेवली नाहीत.

नंतर रिपोर्टच्या मागे तुम्ही पेनानं घड्याळ काढलंत, मधोमध गुदद्वार. बाहेरचं तोंड सातवर, आतलं सहावर, फाटा तीनच्या दिशेनं. भोवती स्नायूचं कडं, आणि रेघ त्यातून आरपार. “हा स्नायू सरसकट कापला तर शौचावरचा ताबा जाऊ शकतो,” हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आधी कोणी बोललंच नव्हतं!

सर्जनसाहेबांनी तो कागद ऑपरेशन थिएटरात भिंतीला चिकटवला होता म्हणे. आतलं तोंड सहावरच सापडलं. फाटा साफ केला, स्नायू न कापता त्या वाटेतून सेटॉनचा, म्हणजे पू वाहून जावा म्हणून ठेवतात तो, दोरा ओवला. पुढचे दोन-तीन महिने कटकटीचेच गेले, ते सांगत बसत नाही. दोरा निघून आता पाच महिने झाले, जागा कोरडी आहे.

सकाळी सातची माझी गाडी तुमच्या दारावरूनच जाते. सीटवर ठेवायची ती हवेची गोल उशी आता धाकट्यानं पोहायला नेली आहे.

तुमचा ऋणी,
एक एसटी चालक