चष्मा दिला नाहीत, त्याबद्दल

दादा, सप्रेम नमस्कार.

रविवार कारंज्याच्या तुमच्या दुकानात तिसरीतला एक मुलगा आला होता. डोकं दुखतं, म्हणजे नंबर लागला असणार, असं घरच्यांनी धरलेलं. तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा त्याने धडाधड वाचली, दोन्ही डोळे 6/6. समाधानापुरता बारीक नंबरचा चष्मा देऊन मोकळं होणं सोपं होतं. तुम्ही दिला नाहीत. मुलांच्या मेंदूच्या गाठींचं काम रोज करणारे आम्ही काही नर्स, फिजिओथेरपिस्ट आणि डॉक्टर हे पत्र मुद्दाम उघड लिहितोय. तुम्ही काय पाहिलंत ते बाकीच्या चष्मेवाल्यांनाही कळू दे.

6/6 वर तुम्ही थांबला नाहीत, ही पहिली गोष्ट. डोक्यातला दाब वाढून डोळ्यामागची नस सुजली तरी सुरुवातीला अक्षरं स्वच्छच दिसतात. तुम्ही रस्त्यापलीकडची पाटी वाचायला लावलीत, ती त्याला दोन-दोन दिसली. एक डोळा झाकल्यावर एकच. म्हणजे दोष काचेने जाणारा नव्हता, दोन डोळ्यांचा मेळ बिघडला होता. डावा डोळा बाहेरच्या बाजूला पुरता वळत नव्हता. (डोळा बाहेर वळवणारी ही मेंदूची सहावी नस लांब आणि नाजूक. दाब वाढला की कुठूनही ताणली जाते, त्यामुळे तिच्यावरून गाठीची बाजू ठरवू नये.)

मग फरशीच्या जोडाच्या रेघेवर टाचेला अंगठा लावत दहा पावलं. चौथ्या पावलाला तो उजवीकडे गेला, पुन्हा चालवलंत तरी उजवीकडेच. मोठ्या मेंदूचा कारभार उलट्या बाजूचा, लहान मेंदूचा मात्र त्याच बाजूचा, त्यामुळे गाठ बहुधा उजवीकडे. एमआरआयमध्ये तिथेच निघाली: पाण्याची मोठी पिशवी आणि तिच्या भिंतीला चिकटलेला, औषध टोचल्यावर उजळणारा गोळा. गाठीचं नाव पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा, ग्रेड 1, म्हणजे सगळ्यात संथ प्रकार. मुलांमध्ये लहान मेंदूच्या संथ गाठी बहुतेक याच जातीच्या.

तुमची चिठ्ठी जेमतेम चार ओळींची: ‘सकाळी उठल्यावर डोकं दुखतं. उलटी झाली की बरं वाटतं. मान कललेली. रेघेवर चालत नाही. आजच थेंब घालून पडदा बघा.’ यातला ‘सकाळी’ हा शब्द लाखमोलाचा. रात्रभर आडवं राहिल्याने दाब वाढतो, म्हणून उलटी पहाटे. आणि नेमकी तीच पित्त किंवा जंत समजून मूल आठवडेच्या आठवडे औषध खात बसतं. ‘आजच’ हा शब्दही बरोबर. गाठ संथ असली तरी ती मेंदूत फिरणाऱ्या पाण्याची वाट अडवते, आणि तुंबलेलं पाणी संथ नसतं. अशा वेळी तपासणीसाठी पाठीतून पाणी काढणं धोक्याचं, मेंदू खाली सरकून श्वास थांबू शकतो. आधी स्कॅन. मुंबईला न्यायचं ठरलं तर कसारा घाटातही डोकं साधारण 30 अंश उंच, मान सरळ, आणि सोबत डॉक्टर.

ऑपरेशनमध्ये पिशवीतलं पिवळं पाणी काढून गोळा काढतात. उजळत नसलेली भिंत बहुधा राहू देतात. 48 तासांच्या आत पुन्हा एमआरआय, कारण नंतर जखमेचा व्रणही उजळतो आणि राहिलेली गाठ कोणती ते कळेनासं होतं. गोळा पूर्ण निघाला की केमो नाही, शेक (रेडिएशन) नाही, फक्त ठरावीक अंतराने स्कॅन. अमेरिकन मेंदू-शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी 1931 मध्ये अशा 76 रुग्णांचा आढावा मांडला, तेव्हापासून या गाठीचं नाव आशेनेच घेतलं जातं. दहा वर्षांनंतर दहापैकी नऊहून जास्त मुलं हयात असतात.

तुमची दुसरी मदत फार कुणाला माहीत नाही. ऑपरेशननंतरही दोन-दोन दिसणं काही आठवडे राहिलं. तुम्ही जुन्या फ्रेमला साध्या काचा बसवून अर्धपारदर्शक चिकटपट्टी लावून दिलीत, एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे. पैसे घेतले नाहीत. आलटून-पालटून हे महत्त्वाचं, या वयात एकच डोळा सतत झाकला तर तो मंद पडू शकतो. दोन प्रतिमा जुळवणाऱ्या प्रिझमच्या काचेची घाईही केली नाहीत, कारण नस सावरते तसं माप बदलतं.

घरच्यांना आम्ही सांगून ठेवलंय: डोकेदुखी आणि उलटी परत जोडीने आली, पेंग वाढली किंवा मानेच्या टाक्यांतून पाणी झिरपलं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. डेक्सामेथासोन (मेंदूची सूज उतरवणारं स्टेरॉइड) चालू असेल तर रिकाम्या पोटी नको, आणि मनाने एकदम बंद तर नकोच.

दुकानाचं काम काढताय असं कळलं. फरशी खुशाल बदला, पण काउंटरसमोर जोडाची एक सरळ रेघ मोकळी ठेवा. दोन मीटर पुरेत.

आपले,
नाशिकचे काही डॉक्टर, नर्स आणि फिजिओथेरपिस्ट