शून्य पराभव ठीक आहे, पण जोड कुणाशी होती?

मा. संपादक साहेब,
स. न.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही सर्वकालीन महान बॉक्सर्सची यादी छापली ती चहा गार होईपर्यंत वाचली, घरच्यांना वाचून दाखवायला गेलो तर त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला, म्हणून हे पत्र आता तुमच्या माथी. यादीतली नावं चुकीची नाहीत हो. पण क्रम लावलाय तो कोण किती वेळा हरला यावर. फ्लॉइड मेवेदर ५०-० (म्हणजे पन्नास जिंकल्या, एकही हरला नाही) म्हणून पहिला, रॉकी मार्सियानो ४९-० म्हणून दुसरा, आणि मोहम्मद अली पाचदा हरला म्हणून पार खाली सहाव्या नंबरला. हाच हिशोब असेल तर मलाही यादीत घ्या, मी आयुष्यात एकही लढत हरलेलो नाही, लढलोच नाही तर हरणार कुठून.

मी मूळचा कोल्हापूरकडचा. बॉक्सिंग नंतर आलं, आधी कुस्ती. आमच्या तालमीतल्या वस्तादांना कुणी येऊन सांगितलं की अमक्याच्या पोरानं यंदा दहा मैदानं मारली, की ते पान चघळत एवढंच विचारायचे, "जोड कुणाकुणाशी लागली?" जत्रेत दुपारी बारकी पोरं रेवड्यांवर कुस्त्या खेळतात आणि दिवस मावळताना शेवटची मोठ्या इनामाची कुस्ती लागते, दोन्ही कुस्त्याच, पण रेवडीवरच्या पन्नास मारल्या म्हणून कुणाच्या खांद्यावर गदा देत नाहीत. तुमच्या यादीत हा जोडीचा कॉलमच नाही.

मेवेदरपासूनच बघू. डिफेन्समध्ये त्याच्यासारखा क्वचितच कुणी झाला असेल हे मान्य, समोरच्याचा पंच खांद्यावरून असा घसरवून द्यायचा की मारणाऱ्यालाच लाज वाटावी. २००१ मध्ये त्याने तोपर्यंत न हरलेल्या डिएगो कोरालेसला पाचदा खाली पाडलं, ती लढत खरी. पण मॅनी पॅकियाओबरोबरची लढत बघा, २००९ पासून नुसती बोलणी, उत्तेजकांसाठीच्या रक्त तपासणीवरून फिसकटलं, आणि शेवटी २०१५ च्या मे मध्ये उभे राहिले तेव्हा हा ३८ चा आणि तो ३६ चा, मधल्या काळात पॅकियाओ मार्केझच्या एका पंचवर तोंडावर आपटून बेशुद्ध पडून झालेला. कॅनेलो अल्वारेझ मिळाला तो २३ वर्षांचा, आणि त्यालाही नेहमीच्या मर्यादेपेक्षा दोन पौंड खाली यायला लावलं. आणि ज्या पन्नासाव्या विजयामुळे हा गडी मार्सियानोच्या पुढे गेला तो कुणावर? कॉनर मॅकग्रेगर. एमएमएमधला (लाथा, कुस्ती, ठोसे सगळं चालतं त्या खेळातला) मोठा फायटर असेल, पण प्रोफेशनल बॉक्सिंगमधली त्याची ती पहिलीच लढत होती साहेब! ही रेवडीवरचीच कुस्ती, फक्त रेवड्यांच्या जागी डॉलर.

मार्सियानोबद्दल मला आदर आहे, म्हणून जरा सांभाळून लिहितो. वजन जेमतेम ८४ किलो, हात आखूड, आणि तरी ४९ पैकी ४३ नॉकआऊट. पण त्याने हरवलेल्या मोठ्या नावांसमोर वय लिहून बघा. माजी चॅम्पियन जो लुईला १९५१ मध्ये हरवलं तेव्हा लुई ३७ चा, रिटायर होऊन पैशासाठी परत आलेला. जर्सी जो वॉलकॉट ३८ चा. आर्ची मूर चाळिशीच्या आसपासचा, आणि त्यानेही दुसऱ्या राउंडला मार्सियानोला खाली बसवलंच होतं. वॉलकॉट तर पहिल्याच राउंडला त्याला पाडून पुढे तिन्ही जजेसच्या कार्डवर आघाडीवर होता, मग तेराव्या राउंडला तो एक उजवा हात आला आणि सगळं संपलं. म्हणजे हा शून्य किती वेळा दोरीवर लोंबकळत होता बघा. मार्सियानो कमी होता असं मी म्हणत नाही, त्याच्या काळात जे होते त्या सगळ्यांना त्याने हरवलं, आणखी काय करणार बिचारा. पण उतारावरच्या जो लुईला हरवणं आणि १९३८ मधल्या जो लुईला, ज्याने मॅक्स श्मेलिंगला १२४ सेकंदात आडवा केला त्याला हरवणं, यात जमीन अस्मानाचा फरक आहे की नाही?

याच संदर्भात मला ज्याच्याबद्दल खरं बोलायचंय तो तुमच्या यादीत नाहीच. एझार्ड चार्ल्स. रेकॉर्डमध्ये तब्बल २५ पराभव, त्यामुळे तुमच्या निकषात तो दारातच अडवला गेला असणार. याच माणसाने आर्ची मूरला तीनदा हरवलंय, तीन वेळा खेळून तिन्ही वेळा. वॉलकॉटला दोनदा. लुईला १९५० मध्ये, म्हणजे मार्सियानोच्या एक वर्ष आधी. आणि १९५४ च्या जूनमध्ये मार्सियानोसमोर पूर्ण १५ राउंड उभा राहिला, असा तो एकटाच. सप्टेंबरमध्ये परत खेळले तेव्हा मार्सियानोचं नाक असं फाडलं की लढत थांबवतात की काय अशी वेळ आली, मग आठव्या राउंडला मार्सियानोनेच त्याला संपवलं. त्या २५ पराभवांतले बरेचसे अगदी शेवटच्या वर्षांतले आहेत. पुढे त्याला मज्जातंतूंचा तो आजार झाला ज्यात अंगातली ताकदच जात जाते, १९७५ मध्ये गेला. तुमच्या हिशोबात मॅकग्रेगरला हरवणारा वर आणि मूरला तीनदा हरवणारा यादीतच नाही. हे मला काही पटत नाही.

आता अली. मी अलीवाला आहे हे आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर कुणी आरोप करायला नको. त्याच्या पाच पराभवांची जोड बघा. जो फ्रेझर, केन नॉर्टन, लिऑन स्पिंक्स, या तिघांनाही त्याने परत गाठून हरवलं. उरलेले दोन, लॅरी होम्स आणि ट्रेव्हर बर्बिक, तेव्हा अली ३८ आणि ३९ चा होता, बोलणं जड झालं होतं, त्याला रिंगमध्ये जाऊच द्यायला नको होतं. आणि मधली साडेतीन वर्षं, १९६७ ते ७०, व्हिएतनामच्या लढाईला जायला नकार दिला म्हणून लायसन्सच काढून घेतलं होतं, म्हणजे ऐन पंचविशी ते अठ्ठाविशी हातातून गेली.

आणि समोर कोण? सोनी लिस्टन, ज्याला बघूनच अर्धे गारठायचे. १९७१ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनला फ्रेझर २६-० आणि अली ३१-०, दोघंही न हरलेले, पंधराव्या राउंडला फ्रेझरच्या डाव्या हुकने अली पाठीवर पडला आणि तरी उठला. मग जॉर्ज फोरमन. या माणसाने १९७३ मध्ये किंग्स्टनला फ्रेझरला दोन राउंडमध्ये सहा वेळा पाडला, वर्षभराने कराकासला नॉर्टनला दोन राउंडमध्ये गुंडाळला. म्हणजे अलीला हरवणाऱ्या दोघांनाही फोरमनने मिळून चार राउंडमध्ये निकालात काढलं, स्वतः ४०-०, त्यातले ३७ नॉकआऊट. गणित सरळ होतं, फोरमन अलीला मारून टाकेल अशी भीती लोकांना होती, आणि ३० ऑक्टोबर १९७४ ला किन्शासात पहाटे चार वाजता ३२ वर्षांचा अली दोरीला टेकून सात राउंड मार खात राहिला, फोरमन मारून मारून दमला, आणि आठव्याला अलीने त्याला झोपवला. इथे अ ने ब ला हरवलं आणि ब ने क ला हरवलं वगैरे शाळेतलं गणित चालत नाही, कारण प्रत्येकाची स्टाइल दुसऱ्याच्या स्टाइलला लागते. नॉर्टनची ती आडव्या हातांची विचित्र ढब अलीला तिन्ही वेळा त्रास देऊन गेली, फोरमनला मात्र ती ढब म्हणजे आयतं टार्गेट. म्हणून नुसती प्रतिस्पर्ध्यांची नावं मोजून पण भागत नाही, कुणाची स्टाइल कुणाला जड जाते ते पण बघावं लागतं.

अलीच्या रेकॉर्डमध्येही भरताड आहे हे प्रामाणिकपणे कबूल करतो. १९७६ मध्ये कूपमन नावाचा बेल्जियन आणि नंतर रिचर्ड डन, या टायटलच्या लढती म्हणायच्या लायकीच्या नव्हत्या. त्याच वर्षी जिमी यंगबरोबरचा निकाल आणि नॉर्टनबरोबरचा तिसरा निकाल, दोन्ही अलीच्या बाजूने गेले ते नाव अली होतं म्हणून, असं मलाही वाटतं. माझा मित्र तर म्हणतो नॉर्टन तीनपैकी दोन जिंकला होता. त्याच्याशी यावर वीस वर्षं भांडतोय.

पण जोड काही बॉक्सर एकटा ठरवत नाही. लॅरी होम्स बघा, काय सुंदर जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) होता त्याचा, ४८-० पर्यंत गेला, मार्सियानोच्या ४९ ला एक कमी असताना मायकेल स्पिंक्सकडून हरला. अलीचा काळ संपला आणि टायसनचा सुरू व्हायचा होता त्या मधल्या रिकाम्या जागेत तो चॅम्पियन, समोर कुणी तगडं नसेल तर त्याचा काय दोष. व्लादिमीर क्लिट्श्कोचं तर अजबच, त्याच्या काळातला दुसरा सर्वात तगडा हेवीवेट (सर्वात जड वजनगटातला बॉक्सर) त्याच्याच घरात, सख्खा मोठा भाऊ विटाली, आणि आईला शब्द दिलेला की एकमेकांशी लढणार नाही. आणि जे जाणूनबुजून टाळले गेले त्यांचं काय? जॅक जॉन्सन १९०८ मध्ये सिडनीला टॉमी बर्न्सला हरवून पहिला काळा हेवीवेट चॅम्पियन झाला, पण सॅम लँगफर्डला, ज्याला आधी १९०६ मध्ये हरवलं होतं, टायटलसाठी परत कधीच समोर घेतलं नाही. पुढे गोरा चॅम्पियन जॅक डेम्प्सी आणि काळा हॅरी विल्स यांची लढत वर्णभेदापायी झालीच नाही. लँगफर्डच्या नावावर एकही वर्ल्ड टायटल नाही, पण त्याला टाळणाऱ्यांची यादी बघितली तर तीच त्याची गदा.

ऐंशीच्या दशकातले ते चौघे, लेनर्ड, हर्न्स, हॅगलर, डुरान, यांच्याबद्दल लिहायला बसलो तर तुमची अख्खी पुरवणी लागेल. नऊ वर्षांत आपापसात नऊ लढती. प्रत्येकजण त्यातल्या कुणाकडून तरी हरला, आणि आज चौघांची नावं घेतली जातात ती त्याच नऊ लढतींमुळे. एकमेकांना टाळत बसले असते तर चौघांचेही रेकॉर्ड चकचकीत राहिले असते.

आणि शून्य असूनही ज्याच्यावर माझा आक्षेप नाही असा एक आहे, युक्रेनचा ओलेक्झांडर उसिक. तुम्ही त्याला नवव्या नंबरला टाकलाय, लढती कमी म्हणून. जुलै २०२५ पर्यंत २४ च, खरंय. पण हा माणूस ब्रिएडिसशी रिगात जाऊन लढला, गासिएव्हशी मॉस्कोत, बेल्यूशी मँचेस्टरमध्ये, जोशुआशी लंडनमध्ये, सगळं दुसऱ्याच्या अंगणात दुसऱ्याच्या पब्लिकसमोर. आणि वजन वाढवून हेवीवेटला आल्यावर जोशुआ दोनदा, फ्युरी दोनदा, ड्युबॉ दोनदा. मेवेदरच्या पन्नासपेक्षा हे चोवीस मला जड वाटतात.

आपल्या विजेंदर सिंगचंही उदाहरण घ्या. बीजिंग ऑलिम्पिकचं ब्राँझ कुणी काढून घेऊ शकत नाही. पण प्रोफेशनल झाल्यावर १२-० झालं तेव्हा पेपरांनी, तुमच्यासकट, अजिंक्य अजिंक्य म्हणून मथळे दिले. २०१७ मध्ये वरळीच्या डोममध्ये चीनच्या मैमैतियालीला हरवलं ती लढत चांगलीच घासून झाली, पण बाकीचे कोण होते हे कुणी विचारलं का? मग मार्च २०२१ ला पणजीत मांडवीवरच्या कॅसिनोच्या बोटीवर उंचापुरा रशियन लोपसान समोर आला आणि पाचव्या राउंडला खेळ खलास. दुसऱ्या दिवशी हेच पेपर म्हणाले, विजेंदर संपला. सोळा महिन्यांनी रिंगमध्ये उतरलेला ३५ वर्षांचा माणूस होता तो, हे कुणी लिहिलंच नाही. जिंकताना जोड बघत नाही आणि हरताना वय बघत नाही, अशी आपली तऱ्हा.

तर विनंती एवढीच, पुढच्या वेळी यादी छापाल तेव्हा नावापुढे जिंकले-हरलेचा एक कॉलम असू दे, पण शेजारी आणखी दोन टाका, सर्वात तगडे पाच प्रतिस्पर्धी कोण आणि लढतीच्या दिवशी त्यांचं वय काय. जागा कमी पडत असेल तर मेवेदरचा तो पैशांच्या गड्ड्या धरलेला अर्ध्या पानाचा फोटो काढा, भरपूर जागा निघेल. आणि एझार्ड चार्ल्सला पहिल्या दहात घ्या. नंबर तुम्ही ठरवा, मी भांडणार नाही. (भांडेन, पण पत्र नाही पाठवणार.)

आपला,
एक जुना वाचक, कोल्हापूर