धावपट्टीखालचे भुयार

बडोदे

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांना साष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर युद्धाच्या बातम्यांचा विषय निघाला, तेव्हा रामबागेतल्या तुमच्या मंडळींचे मत तुम्ही सांगितलेत: लढणारे दोघेही सारखेच, आपण लांबून पाहावे आणि कोणाचीच बाजू घेऊ नये. मला ते पटलेले नाही. फोनवर तुमच्याशी वाद घालणे मला जमत नाही, म्हणून सवडीने वाचता यावे असे लिहिते आहे.

एक उदाहरण देते. युरोपातल्या बोस्नियाची राजधानी सारायेव्हो एप्रिल १९९२ पासून फेब्रुवारी १९९६ अखेरपर्यंत वेढ्यात होती. भोवतालच्या डोंगरांवर बोस्नियन सर्ब सैन्याच्या तोफा होत्या आणि खाली वीज, पाणी, गॅस तोडलेले शहर. पाण्याचे कॅन भरायला निघालेली माणसे रस्ता ओलांडताना वरच्या नेमबाजांच्या गोळ्यांना बळी पडत. तरीही ‘ओस्लोबोजेन्ये’ हे वर्तमानपत्र, त्याची इमारत उद्ध्वस्त झाल्यावर, तळघरातून निघत राहिले. आणि ते काढणाऱ्यांत बोस्नियाक (म्हणजे बोस्नियातले मुसलमान), सर्ब, क्रोएट असे तिथल्या तिन्ही समाजांचे लोक होते. ऑगस्ट १९९२ मध्ये तोफगोळ्यांनी राष्ट्रीय ग्रंथालय पेटले, तेव्हा ग्रंथपालांनी आणि शेजारपाजारच्या लोकांनी गोळीबारात साखळी करून हाती लागतील तेवढी पुस्तके बाहेर काढली. बहुतेक पुस्तके जळाली.

आई, १९७१ च्या ब्लॅकआउटच्या गोष्टी तू आम्हांला सांगायचीस. इथे बडोद्याला तुझ्या माहेरी खिडक्यांना काळे कागद लावले होते आणि कच्छकडून येणारी प्रत्येक बातमी सगळे जीव मुठीत धरून ऐकत होते. भुजची धावपट्टी बॉम्बहल्ल्यांनी उखडली गेल्यावर माधापर गावच्या सुमारे ३०० बायका हल्ल्यांच्या सावटाखाली तीन दिवस खपल्या आणि स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिकांच्या देखरेखीखाली त्यांनी ती पुन्हा वापरण्याजोगी केली. सारायेव्होच्या लोकांनाही एका धावपट्टीनेच वाचवले, पण किती वेगळ्या तऱ्हेने! माधापरच्या बायकांच्या पाठीशी त्यांचा देश उभा होता. सारायेव्होचा विमानतळ जून १९९२ पासून संयुक्त राष्ट्रांच्या सैनिकांच्या ताब्यात होता, आणि ठरलेल्या अटींप्रमाणे ते नागरिकांना धावपट्टी ओलांडू देत नसत. त्या पलीकडेच वेढ्याबाहेरचा बुतमीरचा भाग होता. रात्री धावत पलीकडे जाऊ पाहणाऱ्यांना ते अडवून परत पाठवत, आणि त्या उघड्या जागेवर नेमबाजांच्या गोळ्यांनी अनेकांचा जीव गेला.

म्हणून १९९३ मध्ये लोकांनी धावपट्टीच्या खालून भुयार खणले. वेढ्यातल्या दोब्रिन्या वस्तीतून आणि बुतमीरमधल्या एका घरापासून, अशी दोन्ही टोकांनी कुदळ-फावड्यांनी रात्रंदिवस आळीपाळीने खणाई चालली, आणि मजुरी म्हणून सिगारेटी मिळत. जवळजवळ ८०० मीटर लांबीचे, ताठ उभे राहता येणार नाही एवढ्या उंचीचे हे भुयार त्या उन्हाळ्यात पुरे झाले. पायाखाली पाणी साचलेले असे आणि पाठीवर पिठाची पोती, औषधे, बटाटे, शस्त्रे, कधी आजारी माणूस. पुढे त्यातूनच विजेची तार आणि इंधनाची नळीही शहरात आली. जगाच्या रक्षकांच्या बुटांखालून वाकून चाललेली ही माणसे डोळ्यांपुढे आली, की ‘कोणाचीच बाजू घेऊ नये’ हे वाक्य मला ऐकवत नाही.

बाहेरच्यांनी काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. विमानांनी अन्न आले, आणि त्यामुळे माणसे जगली. पण सप्टेंबर १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी, बोस्निया तेव्हा ज्याचा भाग होता त्या साऱ्या युगोस्लाव्हियावर घातलेली शस्त्रबंदी ‘सर्वांना सारखी’ होती. जुन्या युगोस्लाव्ह सैन्याच्या तोफा हाती आलेल्या सर्बांना तिने फारसे अडवले नाही, ज्यांच्याकडे काहीच नव्हते त्यांचे मात्र हात बांधले. १९९२ च्या अखेरच्या दिवशी संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस बुत्रोस घाली शहरात आले आणि याहून वाईट स्थितीतली दहा ठिकाणे आपण दाखवू शकतो, असे त्यांनी तिथल्या लोकांना सांगितले. ही शतकांची वैरे आहेत, यात कोण काय करणार, असेही बाहेरचे लोक म्हणत राहिले, आणि त्याच वेळी आतली माणसे एकमेकांच्या शेजारी उभी राहून वर्तमानपत्र छापत होती. मला सर्वांत अधिक टोचते ती त्यांच्या धीराची स्तुती. किती सोसतात, किती शूर आहेत, असे म्हटले की त्यांना सोसू द्यायला जग मोकळे होते. फेब्रुवारी १९९४ मध्ये मार्काले बाजारात एका गोळ्याने ६८ माणसे मारली. गोळा नेमका कोणी डागला यावर बाहेर चर्चा झडल्या. ऑगस्ट १९९५ मध्ये त्याच बाजारात पुन्हा ४३ माणसे मेली, तेव्हा कुठे नाटोने बोस्नियन सर्ब सैन्यावर मोठ्या प्रमाणावर हवाई हल्ले सुरू केले.

एप्रिल २०१२ मध्ये शहराच्या मुख्य रस्त्यावर मृतांसाठी ११,५४१ लाल खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांतल्या ६४३ लहान होत्या, मुलांच्या.

बाबा, हे पत्र मंडळींना वाचून दाखवाल का? बाजू घ्यायची की नाही हे ठरवण्याआधी तोफा कोणाच्या हाती आहेत आणि पाणी कोणाचे तोडले आहे, एवढे दोन प्रश्न त्यांनी प्रत्येक युद्धाबद्दल विचारावेत, असे माझ्या वतीने सांगा. त्यांचे काही वेगळे म्हणणे असेल तर तेही कळवा, मी उत्तर देईन. दिवाळीला येईन तेव्हा तुमच्याशी समोरासमोर बोलेन.

तुमची मुलगी