अनेक विश्वे आणि एक माईक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत ‘स्ट्रिंग सिद्धांतानुसार 10500 विश्वे आहेत’ असे छापून आले आहे. दहा हजार पाचशे! एवढी माणसे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात असतील. तो आकडा 10 चा 500 वा घात आहे, म्हणजे एकावर पाचशे शून्ये. आपल्याकडे मुद्रितशोधक अजून नेमतात का? शिवाय ही मोजलेली विश्वे नव्हेत. सगळे कण म्हणजे सूक्ष्म तंतूंची कंपने मानणाऱ्या त्या सिद्धांताच्या समीकरणांना साधारण इतकी उत्तरे संभवतात, एवढाच तो अंदाज. भौतिकशास्त्रज्ञ एव्हरेटची 1957 ची क्वांटम विश्वे (प्रत्येक शक्य निकालाला एक) वेगळी आणि इन्फ्लेशनमधून, म्हणजे आरंभीच्या अतिवेगवान प्रसरणातून, निपजणारी वेगळी. लेखकाने दोन्ही एकत्र कालवून ‘सिद्ध झाले’ म्हणून टाकले.

याच विषयावर गेल्या पावसाळ्यात फोंड्यात एक व्याख्यान झाले. समई, ईशस्तवन, शाल-श्रीफळ, उशिरा पोचलेल्या प्रमुख पाहुण्यांचे लांबलचक मनोगत, सगळे यथासांग. प्रश्नोत्तरांची पाळी आली तोवर मागे चहाचे कप वाजू लागले होते. मी उठून विचारले, ‘जिथला प्रकाश आपल्यापर्यंत कधीच पोचणार नाही, ते विश्व नाहीच असे ठरवायचे झाले, तर कोणते निरीक्षण पुरेल?’ वक्ते हसून म्हणाले, ‘काका, दुसऱ्या एखाद्या विश्वात मी तुम्हाला उत्तर दिलेय!’ सभागृहात हशा, टाळ्या, आणि संयोजकांनी माझ्या हातातला माईक काढून घेतला. आयुष्यभर हायर सेकंडरीला भौतिकशास्त्र शिकवले, आणि पदरात काय, तर ‘काका’.

उत्तर देता आले असते हो! आपले विश्व शेजारच्या विश्वाला कधी धडकले असेल, तर वैश्विक पार्श्वप्रारणात, म्हणजे महास्फोटानंतर उरलेल्या मंद प्रारणात, वर्तुळाकार खूण राहायला हवी. ते प्रारण मोजणाऱ्या डब्ल्यूमॅप आणि प्लांक यानांच्या नोंदींत ती शोधली गेली, खात्रीलायक काही मिळाले नाही. दुसरी, म्हणजे अनेक विश्वांच्या बाजूने बोलणारी, बाजूही सांगायला हवी होती. वैश्विक स्थिरांक, म्हणजे रिकाम्या अवकाशाची ऊर्जा, विश्वागणिक बदलतो असे धरून भौतिकशास्त्रज्ञ वाइनबर्ग यांनी 1987 मध्ये त्याला वरची मर्यादा घातली, आणि 1998 मध्ये तो खरोखरच शून्य नसून त्या मर्यादेत बसणारा, अगदी लहान निघाला. नाही तर नेहमीचे क्वांटम गणित तो सुमारे 10 च्या 120 व्या घाताइतक्या पटीने मोठा सांगते. तिथे आजचे भौतिकशास्त्र हात टेकते. हे ऐकायला लोक चहा सोडून थांबले असते. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ हॉयल आणि आपले नारळीकर ज्या स्थिर स्थिती सिद्धांतासाठी (विश्व सदैव असेच होते, महास्फोट झालाच नाही) भांडले, त्याची परीक्षा तरी घेता येत होती. 1965 मध्ये पार्श्वप्रारण सापडले आणि तो अडचणीत आला. नारळीकर पुढेही भांडले, पण गणित मांडून; विनोद करून नव्हे.

लेखाच्या शेवटी ‘अनंतकोटी ब्रह्मांडनायक’ आलेच. ते मीही म्हणतो, पण देवघरात.

जाता जाता एक. हेच विश्व नीट दिसावे म्हणून मी दुर्बीण घेतली, तर पंचायतीने माझ्या दारासमोर हायमास्ट उभा केला. रस्त्यावर चिटपाखरू नसते, दिवा मात्र पहाटेपर्यंत जळतो. गुरूसुद्धा शोधावा लागतो. मी तक्रार केल्यावर आपला वार्ताहर येऊन फोटो काढून गेला. बातमी आली ती ‘गाव उजळला’ अशी, खाली पंचांचा फोटो. दिवा निदान रात्री अकरानंतर बंद ठेवावा, एवढे तरी छापा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, फोंडा