ओलेन्टँजीकाठच्या बाई

चि. मृण्मयीस,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला फोटो पाहिला. छातीवर तपकिरी रेघोट्या आणि मधोमध गडद ठिपका, म्हणजे साँग स्पॅरोच. नावात स्पॅरो असलं तरी आपल्या चिमणीशी त्याचं जवळचं नातं नाही. तो भारीटांच्या जवळचा. पण खाली तू लिहिलंस, ‘इथे हेच दिसतं, अगदी साधा पक्षी’, म्हणून कागद ओढला. अमेरिकेतल्या पक्षिअभ्यासाला वेगळं वळण मिळालं ते याच साध्या पक्ष्यामुळे आणि त्याच्या मागे लागलेल्या एका बाईंमुळे, आणि तेही ओहायोतल्या तुमच्याच कोलंबसात, ओलेन्टँजी नदीच्या काठावर.

पक्ष्यांचा चित्रकार ऑड्युबॉन तुला माहीतच आहे. अमेरिकेतल्या पक्ष्यांच्या 435 चित्रांचं त्याचं ते अवाढव्य काम 1838 मध्ये पुरं झालं. पक्षी बंदुकीने पाडायचा, तारा खोचून हवा तसा उभा करायचा आणि मग रंगवायचा. चित्रकार म्हणून माणूस थोरच, पण गुलाम बाळगणारा होता, हेही विसरू नये. त्याच्या आधीचा पक्षिअभ्यासक अलेक्झांडर विल्सन, स्कॉटलंडातून आलेला विणकर, मला जास्त आवडतो. तरी पक्षी हातात घेऊन अभ्यासायचा तर तो मेलेला, हीच त्या काळची रीत. 1889 मध्ये फ्लॉरेन्स मेरियम या तरुणीने नाटकाची दुर्बीण घेऊन जिवंत पक्षी कसे पाहावेत यावर पुस्तक लिहिलं, तेव्हा कुठे वारं फिरायला लागलं.

आता मुद्द्याच्या बाई. मार्गारेट मॉर्स नाइस. जन्म 1883 चा. त्याच वर्षी तिकडे अमेरिकन ऑर्निथॉलॉजिस्ट्स युनियन ही पक्षिशास्त्रज्ञांची संस्था आणि इकडे आपली बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, स्थापन झाली, हा आपला योगायोग. प्राणिशास्त्र शिकल्या, लग्न झालं, पीएचडी राहून गेली. नवरा शरीरक्रियाशास्त्राचा प्राध्यापक, घरात पाच मुली. ओक्लाहोमात असताना होल्यांच्या शिकारीचा हंगाम ऑगस्टअखेर सुरू करायचा घाट घातला गेला. तोवर पिल्लं उडून गेलेली असतात, असं सांगण्यात आलं. बाईंनी घरटी शोधली आणि होले ऑक्टोबरातही पिल्लं वाढवतात हे दाखवून दिलं. 1927 मध्ये कुटुंब कोलंबसला आलं. पुढच्याच वर्षी त्यांची एक मुलगी गेली. नऊ वर्षांची होती. त्याच वर्षी त्यांनी नदीकाठच्या झाडोऱ्यातले साँग स्पॅरो पकडून त्यांच्या पायांत ॲल्युमिनियमची कडी आणि रंगीत सेल्युलॉइडची वळी घालायला सुरुवात केली.

वळ्यांमुळे काय झालं, तर ‘एक साँग स्पॅरो’ ऐवजी अमुक नर आणि तमुक मादी दिसायला लागली. कोण कुठली जागा धरतो, शेजाऱ्याशी कसा भांडतो, मादी कुणाची, दुसऱ्यांच्या घरट्यात अंडी घालणाऱ्या काऊबर्डने अंडं घातलं तर पुढे काय होतं, सगळं नावानिशी. एकाच काठावरचे काही नर हिवाळाभर तिथेच राहतात आणि काही दक्षिणेला जातात, हेही असंच उघड झालं. ‘4एम’ नावाचा एक नर त्यांनी वर्षानुवर्षं पाहिला. मे 1935 मध्ये एका दिवशी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत बाई त्याच्यापाशी बसल्या आणि त्याची गाणी मोजली: 2305. घरी स्वयंपाक कोणी केला, हे तुझ्या आईने विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

या निरीक्षणांचा एवढा लांबलचक मजकूर छापायला अमेरिकन नियतकालिकं तयार होईनात. गावातल्या पक्षिनिरीक्षकांच्या क्लबात बायकांना प्रवेश नव्हता, ते वेगळंच. शेवटी पक्षिशास्त्रज्ञ एर्न्स्ट मायर यांच्या ओळखीतून बर्लिनचे पक्षिशास्त्रज्ञ एर्विन स्ट्रेसेमान यांनी तो जर्मन नियतकालिकात घेतला. स्ट्रेसेमान म्हणजे ज्यांच्या हाताखाली सलीम अली शिकले, तेच. सलीम अली बर्लिनहून परत आले तर मुंबईची नोकरी गेलेली. मग ते आपल्या किहीमला येऊन राहिले आणि 1930 च्या पावसाळ्यात सुगरणींच्या वसाहतीसमोर बसून राहिले. नर अर्धवट घरटी विणून ठेवतो, मादी येऊन पसंत करते आणि मग तो पुढचं घरटं विणायला घेतो, ही गोष्ट तिथली. तेव्हा ना सलीम अलींच्या हाती नोकरी होती, ना नाइसबाईंच्या. नाइसबाईंचे साँग स्पॅरोवरचे दोन खंड 1937 आणि 1943 मध्ये आले आणि दरम्यान, 1942 मध्ये, त्यांच्या जन्मवर्षी स्थापन झालेल्या त्या अमेरिकन युनियनने त्यांना पक्षिअभ्यासासाठीचं ब्रूस्टर पदक दिलं. कुणी ‘गृहिणी’ म्हटलेलं त्यांना मुळीच खपायचं नाही; मी प्राणिशास्त्रज्ञ आहे, असं सुनावायच्या.

व्हिसामुळे तुला नोकरी करता येत नाही, एमएस्सी वाया चाललंय, हे फोनवर ऐकलं तेव्हा समजूत घालायला मला शब्द सुचले नव्हते, आताही घालत नाही. अडचण खरीच आहे. पण तुझ्या बाल्कनीसमोर तो नर रोज येत असेल तर नोंदींची वही सुरू कर. वळी घालायला सरकारी परवाना लागतो, त्या भानगडीत आत्ता पडू नकोस. प्रत्येक नराची गाण्यांची शिदोरी वेगळी असते. मोबाइलवर रेकॉर्ड करत गेलीस तर कानानेच ओळखता येईल. आरव झोपला की दहा मिनिटं पुरेत. पहिलं रेकॉर्डिंग मला पाठव, व्हॉट्सॲपवर नको, आवाज बिघडतो, ईमेलने पाठव.

आई विचारते, कैरीचं लोणचं फुटलं नाही ना वाटेत?

तुझे,
बाबा
अलिबाग